अंतरा नीट ऐका, नाव तिथंच असतं

प्रश्न : ताई, सकाळी आकाशवाणीच्या सांगली केंद्रावर शास्त्रीय गायन लागलं की मी हातातलं काम टाकून बसतो. निवेदिका गायकाचं नाव सांगते, राग सांगते, तबल्यावर कोण पेटीवर कोण तेपण सांगते, पण बंदिश, म्हणजे गायली जाते ती बांधलेली रचना, कोणाची हे काही सांगत नाही. भावगीत असलं की मात्र कवी आणि संगीतकार दोघांची नावं लगेच. हा दुजाभाव का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : काका, दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. मी स्वतः काही वर्षं एका केंद्रावर कॅज्युअल अनाउन्सर होते आणि हा गुन्हा मीपण शेकडो वेळा केलाय. आमच्याकडे टेपच्या खोक्यावर एक कागद चिकटवलेला असायचा, त्यावर कलाकार, राग, ताल, बंदिशीचे पहिले दोन-तीन शब्द, साथीला कोण आणि किती मिनिटं, बस्स. सुगम संगीताच्या कागदावर गीतकार-संगीतकाराचा रकाना असायचा, यावर नव्हताच, मग वाचणार काय डोंबल!

पण खरी गंमत अशी की बंदिशकार आपलं नाव बहुतेक वेळा बंदिशीतच, अंतऱ्यात म्हणजे तिच्या दुसऱ्या भागात गुंफून ठेवतो. त्याला मुद्रा म्हणा, छाप म्हणा. 'सदारंग' ऐकू आलं की ते नियामत खाँ, दिल्लीच्या महंमदशाह रंगीले बादशहाच्या दरबारातले (हा बादशहा 1719 ते 1748 गादीवर होता) आणि कित्येकदा शेजारीच 'मम्मदसा' असं बादशहाचं नावही येतं, म्हणजे सही आणि मालकाची जाहिरात एकत्रच. 'प्रेमपिया' म्हणजे आग्रा घराण्याचे फैयाज खाँ, 'प्राणपिया' म्हणजे त्याच घराण्याचे विलायत हुसेन खाँ, 'चतुर' आपले संगीतपंडित भातखंडे आणि 'सबरंग' गायक बडे गुलाम अली. 'गुणीदास' ऐकू आलं तर कान टवकारा, ते जगन्नाथबुवा पुरोहित, ज्यांनी जोगकंस राग बांधला, माणिक वर्मा आणि जितेंद्र अभिषेकी दोघंही त्यांच्याकडे शिकले, आणि त्यांचेच शिष्य सी. आर. व्यास यांनी स्वतःची मुद्रा घेतली 'गुणीजान', गुरूच्या नावाला धरून, मला हे फार गोड वाटतं.

आता अडचणी. एक तर काही गायक अंतऱ्यातले शब्द असे गिळतात की 'प्राणपिया' आणि 'प्रेमपिया' यात फरकच कळत नाही, दोनदा ऐका. दुसरं म्हणजे सदारंगांचं नाव मागाहून कुणीकुणी स्वतःच्या बंदिशीतही घातलंय, त्यामुळे त्या एका नावावर डोळे झाकून विश्वास नको. आणि तिसरी अडचण मी स्वतःच. बातम्या जोडायची वेळ झाली की घड्याळाकडे बघत फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, खाली ओढायचा, एकदा द्रुत म्हणजे जलद लयीच्या बंदिशीचा अंतरा सुरू झाला आणि मुद्रा यायच्या आत मी आवाज बंद केला, स्टुडिओत तबलजी बसले होते ते नुसते माझ्याकडे बघत राहिले. अजून आठवलं की कसंतरी होतं.

प्रश्न : आकाशवाणीची ती जुनी सुरुवातीची धून कुणी केली? आजी म्हणते ती सकाळी ऐकली की दूध तापत ठेवायची वेळ. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : वॉल्टर कॉफमन. चेकोस्लोव्हाकियातून आलेले ज्यू संगीतकार, हिटलरच्या काळात 1934 मध्ये मुंबईला आले आणि पुढे मुंबई रेडिओवर युरोपियन संगीताचा विभाग सांभाळला. धून शिवरंजनीवर बेतलेली, खाली तानपुरा आणि वर व्हायोलिन, ते व्हायोलिन मेहली मेहता यांचं म्हणजे झुबिन मेहतांच्या वडिलांचं असं मानलं जातं. इतक्या घरांत रोज पहाटे वाजलेला दुसरा रचनाकार शोधून सापडायचा नाही, आणि त्यांचं नाव मीसुद्धा कधी हवेवर घेतलं नाही, कारण तेच, कागदावर नव्हतं. आजीला सांगा.

प्रश्न : जुनी रेकॉर्डिंग लागतात त्यात गाण्याच्या मागे पेटी का नसते? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : बंदी होती! 1 मार्च 1940 पासून आकाशवाणीने पेटी हद्दपार केली. कारण काय तर पेटीच्या प्रत्येक पट्टीचा सूर ठरलेला, दोन सुरांच्या मधून घसरत जाणारी मींड पेटीवर निघत नाही, सुराचं हलकं झुलणं म्हणजे आंदोलन निघत नाही, म्हणून ती आपल्या गाण्याला मारते असं त्या काळच्या बऱ्याच जाणकारांचं मत होतं, त्यात गोरे साहेबही होते आणि रवींद्रनाथ टागोरही. बाहेर मैफलीत मात्र पेटी जोरात चालू, म्हणजे तोच गायक रेडिओवर सारंगी घेऊन गाणार आणि रात्री गणेशोत्सवात पेटी घेऊन. बंदी सैल व्हायला 1971 उजाडावं लागलं. माझं मत विचाराल तर अर्धी तक्रार खरी होती आणि अर्धी हट्टाची, चांगला पेटीवाला मींड निघत नसली तरी तिचा भास करून देतोच.

फक्त मागे सारंगी ऐकू आली म्हणून लगेच '1971 च्या आधीचं' असं ठरवू नका हं, सारंगीची साथ घेणारे आजही आहेत.