टू-व्हील ड्राइव्ह थार घ्यावी का?

तुमचा वापर दादर ते ठाणे आणि अधूनमधून लोणावळ्याची फेरी एवढाच असेल, तर २०२३ मध्ये आलेली, इंजिनाची ताकद फक्त मागच्या दोन चाकांना देणारी महिंद्राची थार निःसंकोच घ्या. पावसाळ्यात दादरजवळच्या हिंदमाता भागात पाणी तुंबते, तेव्हा उपयोगी पडते ती गाडीची उंची. चारही चाकांच्या ताकदीचा तिथे फारसा उपयोग नसतो. (इंजिनात हवेबरोबर पाणी शिरले, तर मात्र कोणतीही गाडी बंदच पडणार.)

खरी कसोटी लागते ती कर्जतच्या आतल्या, भातखाचरांलगतच्या ओल्या कच्च्या वाटेवर. तिथे मागचे एक चाक चिखलात रुतले, की साध्या डिफरन्शियलमुळे (दोन चाकांत ताकद वाटून त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) तेच चाक गरगर फिरून अधिकच खोल जाते आणि कोरड्या जमिनीवरचे दुसरे चाक जागचे हलतही नाही. चांगले ऑल-टेरेन (रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचे) टायर आणि त्यांतली थोडी कमी केलेली हवा यांवर बरेच निभावते. पण तीव्र उतारावर गाडी इंजिनाच्या जोरावर सावकाश उतरवणारा लो-रेंज गिअर त्यांनी मिळत नाही. अशा वाटांवर दर पावसाळ्यात जाण्याचा तुमचा खरोखर बेत असेल, तर थोडे थांबा, पैसे साठवा आणि फोर-बाय-फोरच (चारही चाकांना ताकद देणारी, लो-रेंज गिअर असलेली थार) घ्या, कारण ती यंत्रणा मागाहून बसवून घेणे फार खर्चाचे आणि कटकटीचे काम आहे.