बीमवर ‘ऊभी रहे’ म्हणजे काय?

प्रश्न : माझी 11 वर्षांची मुलगी 4 वर्षांपासून जिम्नॅस्टिक्स शिकत आहे. गेल्या वर्षी तिला स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, आणि एडीएचडी, म्हणजे लक्ष एकाग्र न होणे व अतिचंचलता, असल्याचे निदान झाले. एकच हालचाल ती न कंटाळता 50 वेळा करते. मात्र फ्लोअरचे, म्हणजे जमिनीवरच्या कसरतीचे, संगीत सुरू झाले की कान झाकून घेते आणि सरावाचा क्रम ऐन वेळी बदलला की रडू लागते. परवा ती बीमवर, म्हणजे कसरतीच्या उंच, अरुंद पट्टीवर, बसलेली असताना सर ‘ऊभी रहे’ असे ओरडले आणि ती उठून उभी राहिली. ‘सांगितलेले ऐकत नाही’ म्हणून त्यांनी तिला हॉलबाहेर काढले. सरांना निदानाविषयी सांगावे का? सांगितल्यास ते तिला स्पर्धेतून वगळतील अशी भीती वाटते. शिवाय डॉक्टर एडीएचडीसाठी गोळी सुचवत आहेत. ती डोपिंगमध्ये धरली जाते का?
– एक आई, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : बीमवरचा प्रसंग मी पुन्हा पुन्हा वाचला. आपली मुलगी ऐकत नव्हती असे मला वाटत नाही. तिने जे ऐकले तेच केले. गुजरातीत ‘ऊभी रहे’ म्हणजे ‘थांब’, आणि घरी मराठी बोलणाऱ्या मुलीच्या कानावर तेच शब्द ‘उभी राहा’ असे पडतात. बडोद्यातील आपली मुले हा फरक हळूहळू प्रसंगावरून ओळखू लागतात. पण शब्दाचा थेट अर्थ धरणाऱ्या मुलीला, त्यातही हॉलच्या गोंगाटात आणि जेमतेम 10 सेंटीमीटर रुंदीच्या पट्टीवर, तो अंदाज त्या क्षणी बांधता येईलच असे नाही. तिला बाहेर काढणे हा तिच्यावर झालेला अन्याय होता, आणि तो सरांच्या ध्यानातही आला नसावा.

म्हणून सरांना जरूर सांगा, परंतु केवळ निदानाचे नाव सांगून थांबू नका. ‘ऑटिझम’ हा शब्द ऐकल्यावर प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे वेगळे मूल उभे राहते, आणि उद्याच्या सरावात काय करायचे हे त्यातून कोणालाच कळत नाही. त्याऐवजी एका कागदावर तिच्या गरजा लिहून द्या. सूचना तिचे पाय जमिनीवर असताना आणि एका वेळी एकच द्यावी. ‘थांब’ याअर्थी एकच शब्द ठरवावा आणि तो आधी जमिनीवर पुष्कळदा घोटून घ्यावा. आधारासाठी हात लावण्यापूर्वी तसे सांगावे, कारण अनपेक्षित स्पर्शाने अंग आखडले तर कोलांटी घेणाऱ्या मुलीला त्यात इजा होऊ शकते. क्रम बदलायचा असल्यास सराव सुरू होण्यापूर्वीच तो फळ्यावर लिहावा. क्रम बदलल्यावर येणारे रडू हा हट्ट नव्हे. मनात पक्की बसवलेली सारी मांडणी तिला त्या क्षणी मोडून पुन्हा रचावी लागते.

स्पर्धेत ती बीमवर असताना शेजारी दुसऱ्या मुलीचे फ्लोअरचे संगीत वाजत असेल, म्हणून अधूनमधून तसे संगीत लावून, आवाज हळूहळू वाढवत, सराव करून घ्यावा. पंचांना हात उंचावून करायचे अभिवादनही तिला रचनेची पहिली आणि शेवटची पायरी म्हणूनच शिकवावे, कारण ते राहिल्यास 0.30 गुण कापले जातात.

आपण कौतुकाने लिहिलेल्या ‘50 वेळा’ या गोष्टीची मला अधिक काळजी वाटते. ऑटिझम असलेल्या काही मुलांना वेदना आणि थकवा उशिरा किंवा अंधुक जाणवतो, आणि या वयात टाचेच्या व मनगटाच्या हाडांची वाढणारी टोके अजून कोवळी असतात. ‘दुखतंय का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर आले तरी त्यावर विसंबू नका. ती उतरताना एकाच पायावर भार टाकते का, हँडस्टँड (हातांवर उलटे उभे राहणे) टाळते का, मनगट सारखे दाबून पाहते का, याकडे लक्ष ठेवा आणि तसे आढळल्यास सराव थांबवून तिला डॉक्टरांना दाखवा. हालचाल किती वेळा करायची याचा आकडा सरांनी ठरवावा. तो एकदा ठरला की ती तो काटेकोरपणे पाळेल असे मला वाटते.

गोळीविषयी : मिथाइलफेनिडेट हे उत्तेजक स्पर्धेच्या काळात निषिद्ध आहे, मात्र ज्या खेळाडूला उपचारासाठी त्याची खरोखर गरज आहे त्याला रीतसर वैद्यकीय सवलत मिळू शकते, आणि भारतात त्यासाठी ‘नाडा’ या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेकडे अर्ज करता येतो. ॲटोमॉक्सेटिन हे औषध निषिद्ध यादीत नाही. कोणते औषध योग्य हे डॉक्टरांनीच ठरवावे. मुलगी स्पर्धेत उतरते हे त्यांना आताच सांगा. अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिने 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये 4 सुवर्णपदके आणि 1 कांस्यपदक मिळवले, त्यानंतर तिच्या वैद्यकीय नोंदी चोरून उघड करण्यात आल्या, तेव्हा आपल्याला एडीएचडी आहे, आपण लहानपणापासून औषध घेतो आणि यात लाजण्यासारखे काही नाही, असे तिने जाहीरपणे सांगितले. तिच्याकडे तशी सवलत होती. ब्रिटनचा जिम्नॅस्ट लुई स्मिथ यालाही लहानपणीच एडीएचडीचे निदान झाले होते. पॉमेल हॉर्सवर, म्हणजे मुठी असलेल्या कसरतीच्या घोड्यावर, त्याने 2008, 2012 आणि 2016 अशा तिन्ही ऑलिंपिकमध्ये पदके मिळवली. सरांनी वगळण्याची भाषा केलीच, तर ही दोन नावे त्यांच्यापुढे जरूर ठेवा.

तो कागद सरांना देण्यापूर्वी एकदा मुलीला वाचून दाखवा, आणि त्यातले जे वाक्य तिला नको असेल ते तिलाच खोडू द्या.