पेशी मेल्या, तरी रंग जांभळा का?

प्रश्न : कर्करोगाच्या पेशींवर वनस्पतीचा अर्क तपासतो आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मेलेल्या दिसतात, पण एमटीटी चाचणीत (रंगावरून जिवंत पेशी मोजणारी चाचणी) जास्त मात्रेलाच रंग गडद येतो. असे का?

उत्तर : दोष बहुधा अर्काच्या स्वभावात आहे. जिवंत पेशींतली डिहायड्रोजिनेज विकरे पिवळ्या एमटीटीचे जांभळे फॉर्मझान करतात. त्या रंगावरून आपण जिवंत पेशींचा अंदाज बांधतो. पण क्वेर्सेटिन, क जीवनसत्त्व यांसारखी क्षपणकारी (इलेक्ट्रॉन देणारी) द्रव्ये हेच काम पेशींशिवायही करतात. वनस्पतींच्या अर्कात अशी द्रव्ये भरपूर असतात.

खात्री करणे सोपे आहे. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये काही खळगे पेशींविना ठेवा, त्यांत फक्त माध्यम (पेशी वाढवण्याचा पोषक द्रव) आणि अर्क घाला. तेही जांभळे झाले तर चोर सापडला. मग एमटीटी घालण्याआधी अर्काचे माध्यम काढून कोमट पीबीएसने (फॉस्फेटयुक्त खारे द्रावण) पेशी एकदा हलक्या हाताने धुवा. १०० मायक्रोलिटर ताजे माध्यम आणि ५ मिग्रॅ/मिली एमटीटीचे १० मायक्रोलिटर घाला. ३७ अंशांवर ३-४ तास अंधारात ठेवा. सुईसारखे स्फटिक दिसले की द्रव अलगद उपसा (इथेच घाईत स्फटिक निघून जातात), स्फटिक १०० मायक्रोलिटर डीएमएसओ या द्रावकात विरघळवा आणि ५७० नॅनोमीटरला रंगाच्या गडदपणाचे वाचन घ्या.

कडेच्या खळग्यांतले माध्यम लवकर आटते, तिथे नुसते पीबीएस भरा. आणि निकाल एटीपी (जिवंत पेशींतला ऊर्जा पुरवणारा रेणू) मोजणाऱ्या ल्युसिफेरेज चाचणीने पडताळल्याशिवाय अर्काविषयी काहीही लिहू नका.