रीप्रिंट की रीइश्यू?

प्रश्न : माझ्या दिवंगत आत्याचे इंग्रजी प्रवासवर्णन बरीच वर्षे बाजारात मिळत नाही. आता प्रकाशकांचे पत्र आले आहे. त्यात एका ओळीत ‘रीप्रिंट’ आहे, दुसरीत ‘रीइश्यू’. आम्ही दोन्हींना पुनर्मुद्रणच म्हणतो. फरक आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आहे, आणि तुमच्या बाबतीत तो पैशापर्यंत जाऊ शकतो.

रीप्रिंट हा छापखान्याचा शब्द. प्रती संपल्या, तोच मजकूर, तोच आयएसबीएन (पुस्तकाचा ओळखक्रमांक) ठेवून आणखी काढल्या, झाले. बऱ्याच इंग्रजी पुस्तकांत शीर्षकपानाच्या मागे एक ते दहा आकड्यांची ओळ असते. त्यातला सर्वांत लहान आकडा म्हणजे कितवी छपाई. पुन्हा छापताना तो तेवढा उडवतात.

रीइश्यू हा प्रकाशकाचा शब्द. बाजारातून गेलेले पुस्तक नवे कपडे घालून आणायचे. मुखपृष्ठ नवे, किंमत नवी, जमल्यास कुणा नामवंताची प्रस्तावना, कधी प्रकाशकच नवा. आतला मजकूर मात्र जुना. गंमत म्हणजे जुन्या ग्रंथांच्या अभ्यासकांच्या काटेकोर भाषेत रीइश्यूला पुस्तक पुन्हा छापावे लागतच नाही! न खपलेले फर्मे, म्हणजे पुस्तकाचे छापून ठेवलेले मोठे कागद, काढायचे, जुने शीर्षकपान कापून नवे डकवायचे आणि विकायचे. सतराव्या शतकात लंडनचे पुस्तकविक्रेते हे खुशाल करत.

मी मुद्रिते (प्रुफे) तपासायला लागले ती खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या जमान्यात. फर्मा छापून झाला की खिळे परत आपापल्या खणात जात. पुन्हा छापायचे तर जुळाऱ्याने पहिल्या अक्षरापासून जुळवायचे आणि मी पहिल्यापासून तपासायचे. एकदा पहिल्या छपाईत दुरुस्त केलेले ‘शुभदिनी’ दुसऱ्या वेळी ‘शुभदीनी’ होऊन आले. लेखक आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. एवढी मेहनत पडायची म्हणूनच असेल, आपण काना-मात्रा न बदलताही ‘दुसरी आवृत्ती’ म्हणून मोकळे होतो.

इंग्रजीत नव्या आवृत्तीसाठी सहसा मजकूर बदलावा लागतो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१चा. तो सुधारून, वाढवून १८५७ साली आला, ती खरी दुसरी आवृत्ती. पुण्यात १९७५ साली निघाला त्यावर ‘करेक्टेड रीप्रिंट’ असे आहे. पण प्रकाशक नवा, भाषाशास्त्रज्ञ ना. गो. कालेलकरांची प्रस्तावना नवी. माझ्या लेखी तो रीइश्यूच.

तेव्हा प्रकाशकांना सरळ विचारा : मुखपृष्ठ, किंमत, आयएसबीएन बदलणार का? मानधन जुन्या कराराने की नव्या? प्रस्तावना कोण लिहिणार? मराठीत रीप्रिंटला पुनर्मुद्रण आणि रीइश्यूला पुनःप्रकाशन म्हटले की घोळ होत नाही. आणि आत्याबाईंनी स्वतःच्या प्रतीत समासात दुरुस्त्या केल्या असतील, तर ती प्रत आधी पाठवा. छे, झेरॉक्स पाठवा. प्रत घरीच राहू दे.