कराओकेसाठी स्पीकर घेताना बेस बघू नका, माईक बघा

जालन्याच्या दादांनी विचारलंय की कराओकेचे छोटे कार्यक्रम घ्यायला सुरुवात करायचीय, वाढदिवस, हळद, सोसायटीची कोजागिरी, शेतातली हुरडा पार्टी असलं. माणसं पन्नास ते शंभर, बजेट साठ हजार, सामान एकट्यानं उचलून गाडीत टाकता आलं पाहिजे. तर चाकांचा लाईटवाला पार्टी स्पीकर दोन माईकसकट घ्यावा का स्पीकर आन् मिक्सर (माईक आन् गाण्याचा आवाज जुळवायचं यंत्र) वेगळं घ्यावं.

दादा, मी परभणीत सात-आठ वर्षं हेच करायलोय आन् सुरुवात त्याच लाईटवाल्या डब्यानं केली होती, म्हणून सांगतो, नका घेऊ. डबा वाईट नसतोय. तो तयार गाण्यावर नाचायला केलेला असतोय, बेस फुगवलेला, मधला आवाज दाबलेला, आन् माणसाचा गळा नेमका त्या मधल्या आवाजातच असतोय.

गंगाखेड रोडला एका शेतात हुरड्याला गेलतो, जानेवारीची थंडी, आगटीभोवती साठेक माणसं. रिटायर झालेले एक मामा गायला उभे राहिले, आवाज मऊ, खालच्या पट्टीतला. ढोलक एवढं धडधडायलं की एक पोरगं मोठ्यानं म्हणलं, मामा गायलेत का नुसते ओठ हलवायलेत? मी घाईनं माईक वाढवला तर अशी शिट्टी आली की बांधावरची बैलंसुद्धा उठून उभी राहिली. ट्रॅक, म्हणजे मागं वाजणारं तयार संगीत, कमी केला तर मागच्यांना कळंना कोणतं गाणं चालू हाय. माईकचा बेस वेगळा कमी करावा म्हणलं तर डब्यावर तसलं बटणच नव्हतं, एकच बेस सगळ्याला. मामा दुसऱ्या कडव्याला बसले ते परत उठलेच नाहीत. त्या रात्री मला कळलं की कराओकेचं सामान गाणाऱ्यासाठी घ्यायचं असतंय, नाचणाऱ्यासाठी नाही.

तर पहिला खर्च माईकवर करा. वायरचा डायनॅमिक (वीज न लागणारा) कार्डिऑइड (समोरचंच ऐकणारा) माईक, श्युअर कंपनीचा एसएम ५८ असला तर प्रश्नच मिटला, १९६६ पासून चालू हाय आन् लग्नातल्या पोरांनी आपटून आपटून सुद्धा मरत नाही. तेवढे पैसे नसतील तर अहुजा कंपनीचा चांगल्यातला घ्या, दुरुस्तीचं सामान आपल्याकडं कुठंबी मिळतंय. कॉर्डलेस लागतोच कारण गिऱ्हाईक पहिलं तेच विचारतंय, पण घेताना यूएचएफ, म्हणजे वेगळ्या रेडिओ पट्ट्यात चालणारा, बघून घ्या. २.४ गिगाहर्ट्झवाले स्वस्त माईक त्याच पट्ट्यात चालतेत जिथं वायफाय आन् ब्लूटूथ चालतंय, आन् शंभर माणसांच्या खिशात शंभर मोबाईल असले की आवाज तुटक तुटक येतोय. माझा एक जोड असाच गेला, कंपनीचं नाव कशाला घ्यायचं. कॉर्डलेस कितीबी चांगला असू द्या, एक वायरवाला पिशवीत पाहिजेच.

आता शिट्टीचं सांगतो, कारण निम्मा धंदा त्यातच हाय. लोक म्हणतेत आवाज कमी पडला की जास्त वॅटचा स्पीकर घ्या. वॅट दुप्पट केले तर वाढतात फक्त ३ डेसिबल, कानाला जेमतेम कळतेत. याउलट ओठापासून दोन बोटांवरचा माईक माणसानं लाजून आठ बोटं लांब धरला की आवाज १२ डेसिबलनं पडतोय, तेवढा वॅटनं भरून काढायचा म्हणलं तर सोळापट लागतील! ऑपरेटर मग गेन, म्हणजे माईकचा आवाज, वाढवत जातोय, स्पीकरचा आवाज परत माईकमध्ये शिरतोय आन् तिथंच शिट्टी सुरू होतेय. म्हणून मी प्रत्येकाच्या हातात माईक देताना सांगतो, आइस्क्रीमचा कोन खाल्ल्यासारखा जवळ धरा, आन् जाळीला मुठीत धरू नका. हिरो लोक जाळी मुठीत धरतेत ना, त्यानं मागची भोकं बुजतेत आन् समोरचंच ऐकणारा माईक चहूबाजूचं ऐकायला लागतोय, स्पीकरचंबी. स्पीकर कायम गाणाऱ्याच्या पुढं दोन बाजूला, डोक्याच्या वर जाईल एवढ्या स्टँडवर. जमिनीवर ठेवला तर पुढच्या रांगेचे कान फुटतेत आन् मागं काही पोचत नाही.

मिक्सरमध्ये माईकला वेगळा इको-रिव्हर्ब (आवाज घुमवणारा) आन् वेगळा इक्यू (बेस-ट्रेबल कमीजास्त करायची बटणं) पाहिजे, बस. यामाहाचा एमजी १० एक्सयू मी वापरतो, चार माईक लागतेत, २४ इफेक्ट आतच हायत. लो-कटचं, म्हणजे खालचा घुमारा कापायचं, बटण असतंय ते माईकवर दाबूनच ठेवायचं. रिव्हर्ब थोडा दिला की बेसूर माणूसबी बरा वाटतोय. जास्त दिला तर कोण काय म्हणायलंय तेच कळत नाही, आपल्याकडं लोकांना इकोची लईच हौस.

स्पीकर १० किंवा १२ इंची पॉवर्डवाले (अँप्लिफायर आतच असलेले) दोन, प्लॅस्टिक बॉडीचे. १५ इंचीच्या मागं लागू नका, जिना चढताना कंबर जाईल. डब्यावरच्या पीएमपीओच्या (फुगवून सांगितलेल्या वॅटच्या) आकड्याकडं बघूबी नका, आरएमएस (सलग मिळणारे खरे वॅट) विचारा. आन् शेतात, गच्चीवर भिंती नसतेत, अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं पडतोय. हॉलमध्ये गाजलेला सेट शेतात बारीक वाटतोय तो यामुळं.

लाईटचं बघा. हुरड्याच्या शेतात थ्री फेज कधी येईल कधी जाईल काही भरवसा नसतोय. बॅटरीवालं एकच पाहिजे असेल तर बोसचा एस १ प्रो बघा, सात किलोच्या आसपास वजन, दोन माईकला वेगवेगळा टोन आन् रिव्हर्ब. कंपनी ११ तास म्हणते, आवाज फुल ठेवला तर तेवढे निघत नाहीत. पन्नास माणसांना पुरतोय, शंभराला नाही. इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर प्युअर साईन वेव्हच घ्या, स्वस्तातल्यावर स्पीकर गुंगतोय. आन् मे महिन्यात बॅटरीचं सामान बंद गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका, आपल्याकडचं ऊन माहितीच हाय.

ब्लूटूथवर ट्रॅक लावू नका. माईक थेट आन् ट्रॅक ब्लूटूथवर असला तर गाणारा ऐकून ऐकून गातोय, पण स्क्रीनवरचे शब्द पुढं पळू शकतेत. पण माईक मोबाईलच्या ॲपमधून फिरवून आणला तर आपलाच आवाज आपल्याला उशिरा येतोय आन् जीभ अडखळतेय. साधी वायर लावा. मोबाईल फ्लाईट मोडवर, ट्रॅक आधीच डाऊनलोड केलेले, नाहीतर मुखड्यात जाहिरात येतेय. लॅपटॉप चार्जरला लावल्यावर घुंss आवाज आला तर चार्जर काढून बघा, बहुतेक वेळा जातोय. पट्टी बदलणारं ॲप लईच कामाचं. हार्मोनियमच्या काळी पाचचं उंच पट्टीतलं गाणं खाली काळी दोनवर आणून दिलं की तोच काका तीन गाणी म्हणतोय, बाकी कोणत्याच सामानानं गिऱ्हाईक एवढं खूश होत नाही.

रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद, २००० च्या नियमापासून तसंच हाय, दवाखाना, शाळा, कोर्टाच्या १०० मीटरमध्ये सरकारनं जाहीर केलेलं शांतता क्षेत्र असू शकतंय. पोलीस परवानगी ज्याचा कार्यक्रम त्यानं काढायची असं बुकिंगच्या वेळीच बोलून घ्या. लग्नातल्या गाण्याला कॉपीराइट कायद्यात सूट हाय, हॉटेलात तिकीट लावून केलं तर लायसन्स लागतंय.

पैशाचं म्हणाल तर निम्मे स्पीकरला, उरलेल्यात माईक आन् मिक्सर, आन् वायर-स्टँडला थोडे बाजूला काढाच. भाव दुकानागणिक वेगळे, सगळं एकदम नाही जमलं तर आधी एकच स्पीकर घ्या पण माईक हलका घेऊ नका. आन् विकत घ्यायच्या आधी तोच सेट एखाद्या साउंडवाल्याकडून एका रविवारी भाड्यानं आणा, गच्चीवर लावा आन् गल्लीतला सगळ्यात बारीक आवाजाचा, सगळ्यात लाजरा माणूस पकडून गायला लावा. चांगला गाणारा नको, तो कशावरबी चांगलाच वाटतोय. मागच्या कठड्याला उभं राहून त्या लाजऱ्याचे शब्द कळले तर सेट घ्या.