बेंचवर बसून सीझन गेला म्हणतोस, त्यावर थोडं

अरे बाळा,

तुझा मेसेज रात्री साडेअकराला वाचला आणि मग झोपच नाही लागली बघ. फुटबॉलचा पूर्ण सीझन बेंचवर गेला, गुडघा अजून दुखून राहिला, आणि घरचे म्हणतात बस झालं आता, बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भर. घरचे चूक नाहीत, फॉर्म भर तू. पण खाली जी ओळ लिहिलीस न, "काका, प्लेयर म्हणूनच मोठा नाही झालो तर कोच काय होणार", ती मला लागली. त्या एका ओळीसाठी हे एवढं लांबलचक लिहून राहिलो.

लिओनेल स्कालोनी तुला माहीत आहे, पण अर्जेंटिनाचा कोच म्हणून. प्लेयर म्हणून कोणी सांगितला तुला? पुजातो नावाच्या लहानशा गावचा पोरगा, राइट बॅक, म्हणजे उजवीकडचा डिफेंडर. १९९७ ला मलेशियात अंडर-२० वर्ल्ड कप जिंकला त्या टीममध्ये होता, पण त्या टीममधून नाव झालं ते रिकेल्मेचं, आयमारचं, कांबियासोचं. स्कालोनी स्पेनमध्ये डेपोर्तिवो क्लबकडून खेळला, २००० साली तिथली मोठी लीग, ला लिगा जिंकली, चांगला प्लेयर होता पण पोस्टरवरचा नाही. देशासाठी मॅच किती खेळला? ७. आणि २००६ च्या वर्ल्ड कपला हावियर झानेटीसारखा मोठा प्लेयर घरी राहिला आणि हा टीममध्ये आला म्हणून तिकडे केवढी बोंब झाली होती, आणि एवढं होऊन तिथे खेळायला मिळाली एकच मॅच, मेक्सिकोविरुद्ध. बाकी सगळा वर्ल्ड कप बेंच.

त्याच वर्षी मे महिन्यात इंग्लंडमध्ये एफए कपची फायनल. हा वेस्ट हॅमकडून होता, टीम लिव्हरपूलच्या पुढे ३-२, ९० मिनिटं झालेली, आणि याने क्लियर करायला लांब मारलेला बॉल बाहेर न जाता परत समोरच्यांकडे गेला आणि थोड्याच वेळात जेरार्डने लांबून असा हाणला की ३-३. पेनल्टीवर हरले. राइट बॅक मीही होतो रे, एक क्लियरन्स चुकला की तो किती वर्षं डोळ्यांसमोर येतो ते मला विचार.

मग हा माणूस २०१५ मध्ये रिटायर झाला आणि मॅयोर्कात लहान पोरांच्या टीमला शिकवायला लागला. ही गोष्ट लोक दोन शब्दांत सांगून पुढे जातात, मला वाटते तीच सगळ्यात मोठी. ला लिगा जिंकलेला माणूस पोट्ट्यांच्या ट्रेनिंगचे कोन लावत उभा राहिला. नंतर कोच सांपाओलीचा असिस्टंट, आधी सेव्हियात मग अर्जेंटिनात. २०१८ चा वर्ल्ड कप वाईट गेला, सांपाओली गेला, आणि टीम तात्पुरती याच्या हातात आली. वय ४०, सिनियर टीमचा हेड कोच म्हणून अनुभव शून्य. खुद्द मॅराडोना म्हणाला होता की याला ट्रॅफिकसुद्धा सांभाळता येणार नाही. मॅराडोनाइतका मोठा प्लेयर दुसरा कोण, पण २०१० ला तोच कोच होता आणि क्वार्टर फायनलला जर्मनीने ४-० ने घरी पाठवलं. त्याला कमी लेखायला नाही सांगून राहिलो, त्याच्यासाठी माझ्या मनात देवघराइतकी जागा आहे. पण खेळणं आणि खेळवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं पहिल्यातून आपोआप येत नाही.

स्कालोनीने केलं काय तर आपल्याहून मोठे प्लेयर बाजूला आणून बसवले. आयमार, सॅम्युएल, आयाला. ज्यांच्यापुढे आपण फिके होतो त्यांनाच मदतीला बोलवायचं, याला छाती लागते. २०२१ ला माराकानावर ब्राझीलला हरवून दक्षिण अमेरिकेचा कप, कोपा अमेरिका आली. मग २०२२ च्या वर्ल्ड कपला कतारमध्ये पहिलीच मॅच सौदीकडून २-१ ने हरले, ३६ मॅच न हरलेली टीम. पुढच्या मॅचला याने ५ प्लेयर बदलले. एन्झो फर्नांडिस २१ वर्षांचा, हुलियान अल्वारेझ २२ चा, दोघंही आधी बेंचवर होते, आणि तिसऱ्या मॅचपर्यंत दोघंही सुरुवातीच्या अकरात. एकच मॅच खेळून वर्ल्ड कपहून परत आलेल्या माणसाला बेंचवरचा पोरगा दिसणारच न.

आणि फ्रान्सला हरवून वर्ल्ड कप जिंकला ती फायनल परत बघ, यावेळी बॉल नको बघू, डी मारियाला बघ. सगळ्यांना वाटलं उजवीकडे खेळेल, याने डावीकडे टाकला, फ्रान्सच्या राइट बॅकच्या अंगावर. पहिली पेनल्टी तिथूनच मिळाली, दुसरा गोल त्यानेच मारला. माझं आपलं मत सांगतो, राइट बॅकला काय झेपत नाही हे जन्मभर राइट बॅक खेळलेल्यालाच कळतं.

तू म्हणशील काका ते अर्जेंटिना, आपण नागपूर. बरं, मग खालिद जमील घे. मुंबईत महिंद्रा, एअर इंडियाकडून खेळला, दुखापतींनी छळलं, मग मुंबई एफसीचा कोच, आणि २०१६-१७ ला मिझोरमच्या आयझॉलसारख्या लहान क्लबला देशातली आय-लीग जिंकून दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये भारताचा कोच झाला. मध्य आशियातल्या काफा नेशन्स कपला ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा नंबर आणला, आणि नंतर सिंगापूरकडून हरून आशिया कपचं तिकीट गेलं, ढाक्यात बांगलादेशकडूनही हरलो. तेही सांगून राहिलो, कारण हे कामच असं आहे, दोन महिन्यांत खांद्यावर घेतात आणि खाली आपटतात.

मी सुरुवात केली तेव्हा मला हे सांगणारं कोणी नव्हतं. मला वाटायचं मी खेळलोय म्हणजे मला शिकवता येतं. पहिलं वर्ष पोट्ट्यांवर फक्त ओरडलो. एक डाव्या पायाचा पोट्टा होता, फार गोड टच, तो यायचा बंद झाला. घरी गेलो तर त्याची आई म्हणाली, तुम्ही त्याला उजव्या पायानेच मारायला लावता, तो घरी येऊन रडतो. तो परत नाही आला. त्यानंतर मी कोर्सला बसलो, पस्तिशीत, वही घेऊन. तू पस्तिशीची वाट नको बघू. वीफाचा, म्हणजे महाराष्ट्राच्या फुटबॉल संघटनेचा, डी लायसन्सचा कोचिंग कोर्स निघाला की पहिल्या दिवशी नाव टाक, पुढे सी, बी, ए, वेळ लागतो, पैसा लागतो, म्हणूनच म्हणतो बँकेचा फॉर्मही भर.

आणि एक आठवण करून देतो. मागच्या महिन्यात मोतीबागला रेल्वेच्या ग्राउंडवर मॅच चालू होती, तू ट्रॅकसूट घालून माझ्या बाजूला बसला होतास, आणि हळूच म्हणालास की यांचा लेफ्ट बॅक वर गेला की मागे कव्हरला कोणीच येत नाही. दहा मिनिटांनी त्याच जागेतून गोल झाला. ग्राउंडवरच्या अकरा जणांना ते नाही दिसलं. तू ते तुझ्या कोचला सांगितलं का नाहीस, काहून गप्प बसलास?

रविवारी सकाळी सहाला ये. अंडर-१० चे पंधरा पोट्टे आहेत, अर्धे तुझे, अर्धे माझे. कोन मी आणतो, तू गुडघ्याला बेल्ट बांधून ये. त्यात एक पोट्टी आहे, डावखुरी, तिला तुझ्याकडे देणार आहे.

तुझा काका