लिनक्स शिकायचंय, कॉम्प्युटर कुठला घेऊ?

प्रश्न : मी हिशेबाच्या कामातून निवृत्त झाले आहे. इतकी वर्षं विंडोजच वापरलं, आता लिनक्स शिकायचं मनात आहे. नुसतं वापरायचं नाही, आत काय चालतं तेही समजून घ्यायचं आहे. मुलगा म्हणतो, आहे त्याच लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन (विंडोजच्या आतच चालणारा आभासी कॉम्प्युटर) टाक. भाचा म्हणतो, चांगलं ग्राफिक्स कार्ड असलेला नवाकोरा लॅपटॉप घे. माझ्या लॅपटॉपवर बँकेची कामं, फोटो, जुने हिशेब सगळं आहे. कोणाचं ऐकू?

उत्तर : तुमच्या लॅपटॉपवर जे जे आहे ते वाचूनच माझं मत ठरलं. त्या लॅपटॉपला हात लावू नका, आणि नवाही घेऊ नका. एखाद्या ऑफिसातून निघालेला जुना, दणकट लॅपटॉप घ्या आणि तो फक्त शिकण्यासाठी ठेवा.

मी मोठ्या माणसांना लिनक्स शिकवते. वर्गात ज्यांच्याकडे असं मोकळं मशीन असतं, ते भराभर पुढे जातात. डिस्कचे भाग पाडा म्हटलं की ते पाडतात, बिघडलं तर पेन ड्राइव्ह लावून पुन्हा सगळं बसवतात. ज्यांच्या मशीनवर घरादाराचे फोटो असतात, त्यांचं बोट एंटरवर अडतं. हुशारीत ते कुठेच कमी नसतात, पण भीती शिकू देत नाही.

मुलाचा सल्ला चुकीचा नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये काही करण्याआधी त्या स्थितीची नोंद ठेवता येते आणि बिघडलं की मागे जाता येतं. पण तुम्हाला आतलं समजून घ्यायचं आहे, आणि तिथे खरं हार्डवेअर दिसतच नाही. वायफायचं फर्मवेअर (चिप चालवणारा तिचा छोटा प्रोग्रॅम), झाकण मिटल्यावर झोपणारं मशीन, बूटचा म्हणजे मशीन सुरू होण्याचा क्रम यांच्याशी गाठ पडत नाही. शिवाय ८ जीबी रॅममधली ४ त्याला दिली, की दोन्ही बाजू रखडतात.

भाच्याचा सल्ला मात्र मानू नका. अगदी नव्या हार्डवेअरचा आधार आधी लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यात यावा लागतो, मग तो कर्नल तुमच्या डिस्ट्रोमध्ये, म्हणजे तुम्ही निवडलेल्या लिनक्सच्या तयार संचात. सावकाश बदलणाऱ्या, स्थिर डिस्ट्रोमध्ये याला बरेच महिनेही लागू शकतात. एनव्हिडियाच्या कार्डासाठी बहुधा वेगळा ड्रायव्हर बसवावा लागतो, आणि सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना सही असलेलेच प्रोग्रॅम चालू देणारी सोय) चालू असेल तर त्याच्या सहीचं प्रकरणही निस्तरावं लागतं. इंटेल आणि एएमडीच्या ग्राफिक्सचे ड्रायव्हर कर्नलमध्येच येतात. पहिल्या वर्षी तेवढं पुरे.

आता जुना म्हणजे कुठला? थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक या कामकाजासाठी बनवलेल्या मालिका बघा. कंपन्या ते एकगठ्ठा विकत घेतात आणि काही वर्षांनी एकगठ्ठाच काढून टाकतात. त्यांची दुरुस्ती-पुस्तिका उत्पादकाच्या साइटवर मिळते आणि सुटे भागही मिळतात. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला अधिकृतपणे टीपीएम २.० हा सुरक्षेचा भाग लागतो, आणि इंटेलचे आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक सगळे प्रोसेसर त्याला चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीत नाहीत. म्हणून सहाव्या-सातव्या पिढीचे धडधाकट लॅपटॉप केवळ या कारणाने बाजूला पडतात. लिनक्सला ते भरपूर आहेत.

रॅम ८ जीबी हवी. ४ वर लिनक्स चालतं, पण ब्राउझरच्या चार खिडक्या उघडल्या की जीव मेटाकुटीला येतो. डिस्क एसएसडीच हवी, २५६ जीबी पुष्कळ झाली. रॅम बदलता येते का हे त्या नेमक्या मॉडेलसाठी विचारा, कारण याच मालिकांतल्या बारीक मॉडेलमध्ये ती बोर्डालाच जोडलेली असते. ३२ जीबी ईएमएमसी (बोर्डालाच जोडलेली साठवण) असलेले स्वस्त लॅपटॉप घेऊ नका. ती जागा लगेच भरते आणि वाढवता येत नाही.

पैसे देण्याआधी एक काम नक्की करा. आपल्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट या डिस्ट्रोची फाइल उतरवून घ्या, रूफस किंवा बलेना एचर वापरून ती ८ जीबीच्या रिकाम्या पेन ड्राइव्हवर लिहा आणि तो खिशात घेऊन जा. पेन ड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, तेवढं लक्षात ठेवा. विकणाऱ्याला सांगा, मला यावरून सुरू करून बघायचंय. मशीन चालू करताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप दाबलं की कशावरून सुरू करायचं ते विचारलं जातं. मिंट थेट पेन ड्राइव्हवरून चालतं आणि तुम्ही इन्स्टॉल म्हणत नाही तोवर डिस्कवर काही लिहीत नाही.

मग घाई करू नका. वायफाय जोडा. आवाज ऐका, कॅमेरा बघा. उजेड कमी-जास्त करायची बटणं दाबा. एक परिच्छेद टाइप करून प्रत्येक की चालते का ते पाहा. झाकण मिटा, मिनिटभर थांबा, उघडा; पडदा परत आला नाही तर दुसरा लॅपटॉप मागा. डिस्क्स नावाच्या प्रोग्रॅममध्ये डिस्कची तब्येत पाहा. चार्जर काढून थोडा वेळ चालवा. बॅटरी दमलेली असेल तर चालेल, ती बदलता येते, पण किमतीत धरा. वायफायची चिप इंटेलची असेल तर सहसा त्रास होत नाही. ब्रॉडकॉमची असेल तर ड्रायव्हर वेगळा बसवावा लागण्याची शक्यता धरा.

आणि बायोस, म्हणजे सगळ्यात आधी चालणारा मशीनचा स्वतःचा सेटिंग्जचा प्रोग्रॅम, उघडून पाहा. त्याला जुन्या कंपनीचा पासवर्ड असेल आणि विकणाऱ्याला तो माहीत नसेल, तर इतर सगळं कितीही छान असलं तरी तो लॅपटॉप घेऊ नका.

डिस्ट्रोवरून लोक तासन्‌तास वाद घालतात. तुम्ही मिंटच घ्या, पेन ड्राइव्हवर आहेच. पहिल्यांदा पूर्ण डिस्क त्याला देऊन टाका, विंडोज शेजारी ठेवू नका. ठेवलंत तर अडलं की तिकडेच जाल. महिन्याभराने सगळं पुसून पुन्हा बसवा, आणि त्या वेळी डिस्कचे भाग स्वतःच्या हाताने पाडा, होम (तुमच्या फाइलींची जागा) वेगळं ठेवून. हिशेब जुळवण्याची सवय असलेल्या माणसाला ते काम आवडेल असं मला मनापासून वाटतं. लिनस टोरवाल्ड्सनेही १९९१ मध्ये स्वतःच्या ३८६ पीसीचं अंतरंग तपासता तपासताच या कर्नलची सुरुवात केली होती.

प्रश्न : लॅपटॉपऐवजी रास्पबेरी पाय हा एका बोर्डावरचा छोटा कॉम्प्युटर घेतला तर? तो स्वस्त असतो असं ऐकलं.

उत्तर : सेन्सर, दिवे, मोटारी जोडून काही बनवायचं असेल तर जरूर घ्या, त्या कामासाठी त्याच्यावर बाहेर काढलेल्या पिना फार सोयीच्या आहेत. फक्त लिनक्स शिकायला मी तो आधी सुचवणार नाही. मॉनिटर, कीबोर्ड, माउस, योग्य वीजपुरवठा आणि मेमरी कार्ड धरलं की स्वस्ताई बरीचशी संपते. त्याचा प्रोसेसर एआरएम जातीचा आहे, त्यामुळे इंटेल-एएमडीसाठी तयार झालेले काही प्रोग्रॅम त्यावर बसत नाहीत. बूट होण्याची रीतही नेहमीच्या पीसीपेक्षा वेगळी आहे. घेतलाच, तर कार्डावरच्या कामाची प्रत दुसरीकडे ठेवा. सतत लिहून लिहून मेमरी कार्डं खराब होतात.